"तू नुसते ओठ हलव" : लहान मुलांना गाणं शिकवायची ही पद्धत बरोबर आहे का?

परळची_आई
लेक दुसरीत आहे. दिवसभर काहीतरी गुणगुणत असायची. गॅदरिंगच्या प्रॅक्टिसला संगीताच्या बाईंनी तिला आणि अजून काही मुलांना मागच्या रांगेत उभं केलं आणि सांगितलं, तुम्ही आवाज काढू नका, नुसते ओठ हलवा. तेव्हापासून घरीपण गात नाही, म्हण म्हटलं तर "मला नाही येत" एवढंच. सात वर्षांच्या मुलीला येत नाही हे ठरवलं कोणी?
माझं स्पष्ट मत आहे की प्राथमिकला शिक्षकाला स्वतःला किती राग येतात याने फार फरक पडत नाही, तो मुलांकडून कसं गाऊन घेतो याने पडतो. एडविन गॉर्डन नावाचे अमेरिकन संशोधक होते, त्यांचं म्हणणं असं की साधारण नऊ वर्षांपर्यंत मुलाची संगीताची क्षमता त्याला काय ऐकायला आणि गायला मिळतं त्याप्रमाणे वाढते किंवा कमी होते, पुढे ती बरीचशी स्थिर होते. म्हणजे पहिली ते चौथी हाच खरा काळ आणि नेमकं तेव्हाच आपण मुलांना गप्प करतोय.

तानपुरा_दादर
ताई, मुलीचं ऐकून वाईट वाटलं, असं कुणी बोलू नयेच. पण त्यावरून शिस्तीच्या शिकवण्याला नावं ठेवू नका. मी क्लास घेतो, लहान मुलं येतात, सारेग रेगम गमप हाताने ताल धरून आधी सावकाश मग दुगुणीत, रोज. कंटाळतात, मान्य, पण वर्षभरात सूर पक्का होतो. उलट "हसत खेळत संगीत"वाल्या शाळांत काय चालतं तर टाळ्या, उड्या, स्पीकरवर ट्रॅक आणि नाच, वर्ष संपतं तरी एका मुलाला सा लावता येत नाही. पलुस्करांनी १९०१ ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, १९०८ ला मुंबईत आणलं, स्वरलिपी आणली, टप्प्याटप्प्याने शिकवायची पद्धत बसवली म्हणून तर गाणं घराण्यांच्या बाहेर तुमच्या आमच्या घरात आलं. ती शिस्त काढली तर उरतं काय?

परळची_आई
पलुस्करांबद्दल आदरच आहे हो, पण त्यांच्याकडची मुलं तिथेच राहून वर्षानुवर्षं शिकायची. इथे आठवड्याला एक पिरियड, पस्तीस मिनिटांचा, त्यात चपला काढून रांगेत बसेपर्यंत दहा मिनिटं जातात. तुमच्या क्लासला येणारं मूल आईबापांनी गाण्यासाठीच पाठवलेलं असतं, वर्गात सगळीच मुलं असतात.

गोरेगावकर
शाळेने प्रार्थना आणि राज्यगीत नीट म्हणून घेतलं तरी पुष्कळ झालं, बाकी ज्याला आवड आहे त्याने क्लास लावावा. सगळं शाळेवर ढकलून चालत नाही.

परळची_आई
@गोरेगावकर क्लासची फी किती घरांना झेपते? चाळीतल्या, झोपडपट्टीतल्या मुलाला पेटी दिसते तीच शाळेत. आणि शिक्षण हक्क कायदा २००९ बघा, कलाशिक्षणाच्या अर्धवेळ शिक्षकाची तरतूद सहावी ते आठवीसाठी आहे, तीसुद्धा पट शंभरच्या वर असेल तर. पहिली ते पाचवीसाठी तेवढीही नाही.

पेटीवाले_काका
पालिकेच्या शाळेत संगीत शिक्षक होतो, आता निवृत्त. तुम्ही दोघं शिस्त की खेळ यावर भांडताय, पण मला मूळ भानगड पट्टीची वाटते.
बाई स्वतः काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून गातात, त्यांना ते सोयीचं असतं. सहा-सात वर्षांच्या बऱ्याच मुलांना तो खालचा सा लागतच नाही, मग मूल घशात पुटपुटतं किंवा वर कुठेतरी दुसराच सूर पकडतं आणि बाई म्हणतात हा बेसूर. पुरुष शिक्षक तर आणखी खालच्या सप्तकात गातो, मुलाला कळतच नाही की आपण त्याच्यावरच्या सप्तकात गायचंय. आणि ट्रॅक लावला की तो मोठ्या माणसाच्या आवाजासाठी बनवलेला. मुलांना त्याच्या वरचा, पांढरी एक-दोनचा सा द्या आणि पाच-सहा सुरांत फिरणारं गाणं द्या, "बेसूर" म्हटलेल्यांतली कितीतरी मुलं आपोआप सुरात येतात. हे मी वर्गात नेहमी बघितलंय.
दुसरं, काही मुलं बोलायच्या जाड आवाजातच गातात म्हणून वर चढता येत नाही. त्यांना सांगायचं लोकलचा भोंगा काढा, खालून वर, लांब. आवाज मोकळा होतो, मग त्या वरच्या जागी सा धरायला लावायचा. हा खेळ वाटतो पण हे आवाजाचं कामच आहे. हंगेरीत झोल्तान कोदाय यांनी मुलांची सुरुवात त्यांच्याच लोकगीतांपासून आणि थोड्याच सुरांपासून व्हावी असा आग्रह धरला होता. आपल्याकडे भोंडल्याची गाणी अगदी तशीच आहेत, थोडक्या सुरांत फिरणारी, मुलांना आज्जीकडून माहीत असलेली. ती सोडून गॅदरिंगला सिनेमातलं तार सप्तकातलं गाणं कशाला बसवायचं?

तानपुरा_दादर
काका, पट्टीचं शंभर टक्के मान्य. पण भोंडल्यावर थांबून चालणार नाही, अलंकार, म्हणजे सारेग रेगमसारखे पलटे, कधीतरी यायलाच हवेत आणि ते घोटूनच येतात, त्याला शॉर्टकट नाही. चौथीपर्यंत नुसती गाणीच म्हणत राहिलेलं मूल पुढे प्रारंभिकला, म्हणजे गाण्याच्या पहिल्या परीक्षेला बसलं की स्वर ओळखताना गडबडतं, हे माझ्याकडे दरवर्षी दिसतं.

परळची_आई
दादा, सगळ्यांनी परीक्षेला बसायचंच नाहीये ना. माझी मुलगी विशारद व्हावी असं काही नाही, ती स्वयंपाकघरात माझ्याबरोबर गात होती ते बंद झालं, त्याचं दुःख आहे. घोटून घ्या, पण ज्याचा सूर लागत नाही त्याला जास्त वेळा गायला द्या, गप्प करू नका.

तानपुरा_दादर
हे पटतं. पण एकेकाचा सूर ऐकायचा तर वर्गातली बाकीची चाळीस-पन्नास पोरं तेवढ्या वेळात काय करणार? प्रिन्सिपल दारात येऊन उभे राहतील.

पेटीवाले_काका
मी त्यांना मांडीवर दादरा धरायला लावायचो. धा धी ना, धा ती ना, "धा"ला थाप, बाकी बोटांनी, आवाज अगदी हळू. सगळे ठेक्यात अडकतात. त्या ठेक्यावर एकेका बाकावरची दोन मुलं उठून एक ओळ गातात आणि बसतात. एकट्याला कधीच उभं करायचं नाही, जोडीने करायचं आणि कच्च्या सुराच्या मुलाशेजारी पक्क्या सुराचं मूल बसवायचं. एका पिरियडला अर्धा वर्ग होतो, उरलेला पुढच्या आठवड्यात. ताई, तुमच्या बाईंना हे सांगून बघा, आणि घरी तिला "म्हण" म्हणू नका, तुम्ही तिच्या पट्टीत म्हणायला लागा.