जालन्याचा गेटवे गप्प झाला की कॉल दुसरीकडे वळायला अर्धा मिनिट लागतो

प्रश्न (जालना)
नमस्कार. शेतकऱ्यांना बियाण्यांची माहिती देणाऱ्या आमच्या केंद्रातून बाहेर जाणारे कॉल कामैलिओमार्फत (कॉल कुठे पाठवायचा ते ठरवणारे सर्व्हर सॉफ्टवेअर) दोन गेटवेंकडे (इंटरनेटवरचा कॉल टेलिफोन लाइनवर नेणारी यंत्रे) जातात. पहिला जालन्यात, दुसरा छत्रपती संभाजीनगरात. रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली की पहिला गेटवे दिसेनासा होतो आणि त्यानंतरचा प्रत्येक कॉल अर्धा मिनिट मुका राहून मगच दुसरीकडे वळतो. पेरणीच्या तोंडावर यामुळे सगळे काम तुंबते. हा विलंब कसा कमी करावा?

उत्तर (नांदेड)
तो अर्धा मिनिट प्रोटोकॉलमधूनच येतो. सिपच्या (इंटरनेटवरून कॉल जोडण्याचा प्रोटोकॉल) २००२ च्या आरएफसी ३२६१ या प्रमाण दस्तऐवजाप्रमाणे यूडीपीवरील (पॅकेट पोचल्याची खात्री न देणारी पद्धत) इन्व्हाइटला, म्हणजे कॉल सुरू करण्याच्या विनंतीला, उत्तर न मिळाल्यास तो वाढत्या अंतराने पुन्हा पाठवला जातो आणि ३२ सेकंदांनंतर प्रयत्न सोडला जातो. कामैलिओच्या टीएम मॉड्यूलमध्ये (विनंत्या आणि त्यांची उत्तरे सांभाळणारा भाग) एफआर टायमर, म्हणजे पहिल्या उत्तराची वाट पाहण्याची मुदत, मुळात ३० सेकंदांचा असतो. तो दोन सेकंदांवर आणावा. तेवढ्या वेळातही इन्व्हाइट तीनदा जातो, त्यामुळे एखादे पॅकेट हरवले तरी निभावते. फेल्युअर रूटमध्ये (कॉल फसल्यावर चालणारा सेटिंगचा भाग) डिस्पॅचरकडून (गेटवेंची यादी ठेवणारे मॉड्यूल) पुढचा पत्ता घ्यावा, आणि ऑप्शन्सची (गेटवे जागा आहे का हे विचारणारा सिप संदेश) नियमित तपासणी सुरू ठेवावी, म्हणजे बंद गेटवे कॉल येण्याआधीच यादीतून बाजूला होईल.

उत्तर (लातूर)
वरील सल्ला योग्य आहे, मात्र प्रत्येक नकारावर कॉल वळवू नये. सिपच्या उत्तर-संकेतांकांपैकी ५०३ (सेवा उपलब्ध नाही) आला किंवा मुदत संपून ४०८ झाला तरच वळवावा. ४८६ म्हणजे समोरचा फोन व्यग्र आहे. तो कॉल दुसऱ्या गेटवेने पाठवला तरी फोन व्यग्रच असणार, उलट तिथली एक वाहिनी विनाकारण अडते.

प्रश्नकर्ता (जालना)
आभारी आहे. टायमर बदलल्यावर फायबर तुटल्याचा त्रास संपला. पण काल गेटवे ऑप्शन्सला व्यवस्थित २०० (सर्व ठीक) देत होता आणि त्याच्या मागची पीआरआय लाइन (एकाच वेळी अनेक कॉल नेणारी टेलिफोन लाइन) मात्र बंद होती. तेव्हा कॉल दोन मिनिटे तसेच लटकत होते.

उत्तर (लातूर)
ऑप्शन्सच्या उत्तरावरून यंत्र जागे आहे एवढेच कळते, मागची लाइन चालू आहे की नाही ते कळत नाही. लाइन पडल्यावर गेटवेने लगेच ५०३ द्यावा अशी सोय त्याच्या सेटिंगमध्ये असल्यास ती आधी चालू करावी. माझ्या मते खरा उपाय तोच. ती नसेल तर आपल्याकडे काय घडते ते पाहा: गेटवे १०० ट्राइंग (विनंती मिळाली, प्रयत्न सुरू आहे) पाठवतो, त्यासरशी दोन सेकंदांचा टायमर थांबतो आणि त्याच्या जागी एफआर-इन्व्ह टायमर (अंतिम उत्तराची वाट पाहण्याची मुदत) लागू होतो, जो मुळात १२० सेकंदांचा आहे. तुमची दोन मिनिटे तिथे जातात. म्हणून १८० (घंटी वाजते आहे) किंवा १८३ (कॉल पुढे सरकतो आहे) येईपर्यंत ही मुदत दहा-बारा सेकंद ठेवावी आणि घंटी सुरू झाली की वाढवावी. याहून कमी करू नये, कारण मोबाइलवर घंटी वाजायला कधी कधी सात-आठ सेकंद सहज लागतात, आणि घाईने वळवलेला कॉल पहिल्या गेटवेवर रद्द होण्याआधीच दुसऱ्याकडून निघाला तर एकाच शेतकऱ्याला दोन कॉल जातात.