अडलं की सोडून द्यायचं, बाकी डोकं बघून घेईल: पटतं का?

रात्रपाळी: कोडमधला गुंता सुटेना तर उठून चक्कर मारून या, उत्तर आपोआप येतं, असं माझं ठाम मत आहे. फ्रेंच गणिती प्वांकारे घ्या, गणित बाजूला ठेवून भूगर्भशास्त्राच्या सहलीला गेला, कुतांस गावात बसच्या पायरीवर पाय ठेवला आणि तो ज्यांच्यावर काम करत होता त्या फुक्सियन फंक्शन्सचं नॉन-युक्लिडियन भूमितीशी (शाळेतल्या युक्लिडच्या भूमितीपेक्षा वेगळ्या भूमितीशी) असलेलं नातं एकदम लख्ख दिसलं. आपल्याला कळत नाही पण आत काम चालूच असतं.

खडूस_गणितवाली: अहो अर्धाच किस्सा सांगताय. आधी पंधरा दिवस तो रोज टेबलाशी बसून असली फंक्शन्स असूच शकत नाहीत हे सिद्ध करायला बघत होता, ते कोण सांगणार? आणि परत आल्यावर नीट बसून पडताळलं पण त्यानेच. बसच्या पायऱ्या काय आपण सगळेच चढतो.

रात्रपाळी: मेहनत नको असं मी कुठे म्हटलं? आयरिश गणिती हॅमिल्टनने पण तीन-तीन आकड्यांच्या त्रिकुटांचा गुणाकार जमवायला वर्षानुवर्षं घासलीच होती, मुलं नाश्त्याला विचारायची, बाबा, जमला का त्रिकुटांचा गुणाकार? पण शेवटी १६ ऑक्टोबर १८४३ला तीनऐवजी चार आकडे घ्यायचे हे सुचलं ते डब्लिनच्या कालव्याकाठी बायकोबरोबर चालताना, सूत्र तिथेच पुलाच्या दगडावर कोरलं. टेबलावर का नाही सुचलं मग?

खडूस_गणितवाली: कारण टेबलावर आपण त्याच त्या चुकीच्या वाटेने परत परत जातो. मधे थांबलं की ती वाट जरा विसरते, बस्स, इतकं साधं असू शकतं, त्याला आतला गुप्त कामगार कशाला हवा? आणि ज्यांना फिरताना काहीच सुचलं नाही त्यांचे किस्से कोणी लिहून ठेवत नाही. लिहिले जातात ते पण उशिरा: बेंझीनची कड्यासारखी रचना स्वतःची शेपटी धरलेल्या सापाच्या स्वप्नातून सुचली, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ केकुलेने जाहीरपणे सांगितलं १८९०मध्ये, ती रचना छापून आल्यावर पंचवीस वर्षांनी!

चहाबाज: मधे बोलतो. सियो आणि ऑर्मरॉड या मानसशास्त्राच्या संशोधकांनी २००९मध्ये ११७ अभ्यास एकत्र करून बघितले, मधे सोडण्याचा फायदा दिसतो, आणि आधी जास्त वेळ घासलेली असेल तर जास्त दिसतो. म्हणजे दोघंही थोडे थोडे बरोबर. पण आमच्याकडे ब्रेक म्हणजे रील्स, त्यात काय डोंबल सुचणार.

रात्रपाळी: विसरल्याने होवो नाहीतर आत शिजून, उठायचं तर आहेच ना? मग भांडण कशाचं?

खडूस_गणितवाली: किती वेळ घासून उठायचं याचं. तुमच्या टीममधले दहाव्या मिनिटाला उठतात.