टोकियो डिस्नीसी : ‘फँटसी स्प्रिंग्ज’ पाहून आलेल्यांची मतं हवीत

पर्वतीकर
नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात टोकियोत आहोत. त्यातला एक दिवस डिस्नीसी या थीम पार्कला ठेवलाय, तोही मुख्यतः नव्या फँटसी स्प्रिंग्जसाठी. सोबत बायको, पाच वर्षांची मुलगी (उंची १०० सेंमी) आणि आई (वय ६८, गुडघे दुखतात). सगळे शाकाहारी, अंडंही नाही. जुन्या धाग्यांत ‘पास नसेल तर त्या भागात पाऊलही टाकू देत नाहीत’ असं लिहिलंय, ते अजून खरं आहे का? प्रीमियर ॲक्सेसचे (म्हणजे रांग टाळायच्या सशुल्क पासाचे) पैसे कशावर घालावेत आणि कशावर वाचवावेत? आणि एकंदरीत, जेवढा गाजावाजा झाला तेवढं ते आहे का?

कासाईची_बस
पासाचं आधी. ती अट आता नाही. ६ जून २०२४ ला हा भाग उघडला तेव्हा स्टँडबाय पास किंवा प्रीमियर ॲक्सेस लागायचा. १ एप्रिल २०२५ पासून कुणीही चालत आत जाऊ शकतं आणि राइडला साध्या रांगेत उभं राहू शकतं. त्यामुळे त्याआधीचे व्हिडिओ आणि धागे वाचून बेत आखू नका, निम्मी माहिती शिळी आहे.

आत तीन भाग : फ्रोझन किंगडम, रॅपन्झेलचं जंगल आणि पीटर पॅनचं नेव्हरलँड. राइड चार. प्रीमियर ॲक्सेस त्यातल्या तीन राइडना आहे, प्रत्येकी माणशी २,००० येन. तीन वर्षांपर्यंतच्या मुलांना लागत नाही, तुमच्या मुलीला लागेल. म्हणजे चौघांचे एका राइडचे ८,००० येन. चौथी टिंकर बेलची बग्गी, तिला ही सोय नाही.

तुमच्यासाठी पैसे घालायची जागा एकच : ॲना-एल्साची फ्रोझन जर्नी. साडेसहा मिनिटांच्या आसपासची बोट, पुतळ्यांचे चेहरे खरोखर हलतात. फ्लोरिडातल्या एपकॉट या डिस्नी पार्कात २०१६ साली फ्रोझनची बोट आली तेव्हा चेहऱ्यांवर प्रोजेक्टरने चित्र टाकलेलं होतं. ते ज्यांनी पाहिलंय त्यांना फरक लगेच कळेल. संवाद आणि गाणी जपानीत आहेत, पण गोष्ट माहीत असलेल्या मुलांचं त्यावाचून काही अडत नाही. गर्दीच्या दिवशी इथली रांग दोन तासांच्या पुढे सहज जाते आणि प्रीमियर ॲक्सेसही सकाळीच संपतो.

पीटर पॅनला किमान उंची १०२ सेंमी आहे. दोन सेंटिमीटरने मुलगी बाहेर! तिथे उगाच चौघांचे पैसे भरून बसू नका. दारातल्या कर्मचाऱ्याला सगळ्यांनी मिळून आधी गाठा आणि आळीपाळीने बसायचंय असं सांगा. एक मोठा माणूस मुलीजवळ थांबतो आणि पहिला परतल्यावर पुन्हा रांग न लावता जातो.

आता ॲपचं. टोकियो डिस्नी रिसॉर्टचं ॲप घरूनच टाका, चौघांची तिकिटं एकाच खात्यात जोडून गट करून ठेवा. खरेदी पार्कमध्ये शिरल्यावरच होते आणि ज्यांच्यासाठी घ्यायचंय ते सगळे आत असावे लागतात. एकाने पुढे पळून सगळ्यांचं घेतो म्हटलं तर जमत नाही. पहिली खरेदी झाली की पुढची साठ मिनिटांनी, किंवा पहिल्याची वेळ सुरू झाल्यावर, यातलं जे आधी होईल तेव्हा.

भारतातून येणाऱ्यांचा घोटाळा मात्र ॲपमध्ये होत नाही, कार्डात होतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानंतर परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार हे दोन्ही आपल्याला बँकेच्या ॲपमधून वेगवेगळे चालू करावे लागतात. शिवाय ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो. तो सिम काढून जपानी सिम घातलं असेल, किंवा रोमिंग बंद असेल, तर फ्रोझनचे स्लॉट डोळ्यांदेखत जातात. भारतीय सिम रोमिंगसह फोनमध्ये राहू द्या आणि इंटरनेटसाठी ई-सिम घ्या. निघायच्या आधी कार्ड एखाद्या छोट्या परदेशी खरेदीवर वापरून बघा.

मऊ_भात
वरच्या उत्तराशी बहुतेक सहमत, पण ‘पैसे घालायची जागा एकच’ हे मुलीमुळे. मोठ्यांना विचाराल तर चारही राइडमध्ये उजवी पीटर पॅनच. थ्रीडी चष्मा लावून बोट उडते, चाच्यांचा कप्तान हुक याच्या तावडीतून जॉन या मुलाला सोडवायचं अशी गोष्ट आहे आणि पडदे व खरे देखावे यांचा सांधा फारसा जाणवत नाही. ज्यांना गाडी लागते त्यांनी जपून.

रॅपन्झेल लँटर्न फेस्टिव्हलवर २,००० येन? माझं मत नाही. शेवटचा कंदिलांचा प्रसंग अप्रतिम आहे, पण तिथवर पोचेपर्यंत ‘एवढंच?’ असं वाटतं, कारण मधले देखावे मोजके. संध्याकाळी रांग उतरली तर जरूर बसा. टिंकर बेलची बग्गी दोन मिनिटांच्या आतबाहेर संपते आणि एका गाडीत दोनच माणसं, म्हणून रांग छोटी दिसली तरी गोगलगाईसारखी सरकते. पाच वर्षांच्या मुलीला ती आवडेलच. फक्त तासभर लागणार असेल तर सोडा.

गाजावाजाबद्दल विचारलंत. राइड हिशेबात धरल्या तर तीन बोटी आणि एक बग्गी, एवढाच ऐवज. खरं काम दगडात आणि उजेडात आहे. प्रवेशाजवळच्या खडकांतून पात्रं कोरलेली आहेत आणि त्यांतून झरे वाहतात. घाईत निघालेले लोक तिकडे मान वळवून बघतही नाहीत. एल्साचा बर्फाचा महाल दूर डोंगरावर वाटतो तो आकारांच्या खेळामुळे. जसजसं वर जावं तसतसं सगळं लहान केलेलं आहे. अंधार पडल्यावर महाल आणि रॅपन्झेलचा मनोरा उजळतात. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य पावणेपाचच्या आधीच मावळतो. त्यामुळे सकाळी राइड उरकून बाहेर पडा आणि साडेचारला नुसतं बघायला परत या. याला एक येनही पडत नाही.

हा भाग पार्कातल्या अरेबियन कोस्ट आणि लॉस्ट रिव्हर डेल्टा या दोन भागांच्या मधून आत शिरतो, म्हणजे दारापासून चांगलंच लांब. आईंसाठी व्हीलचेअर दाराजवळच भाड्याने मिळते, संकोच न करता घ्या. पार्कात पूल आणि चढउतार बरेच. परतीच्या फेरीला लॉस्ट रिव्हर डेल्टा ते दाराजवळचं मेडिटेरेनियन हार्बर अशी स्टीमर आहे, तीत निवांत बसून जाता येतं. राइडच्या बोटीत उतरून बसावं लागतं, ते गुडघ्यांना आधीच ठाऊक असलेलं बरं.

शेंगदाण्याची_चटणी
खाण्याचं मी सांगते, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. नव्या भागातल्या खाणावळी देखण्या आहेत, आरेंडेलच्या किल्ल्यातली रॉयल बँक्वेट तर नुसती बघायला जावी. पण मेनू मांस-माशांभोवती फिरतो. भाजीचा पदार्थ दिसला तरी सुपात किंवा सॉसमध्ये दाशी (माशाचा अर्क) असतो, गोडात जिलेटिन, ब्रेडमध्ये अंडं. अरेबियन कोस्टला कॅस्बा फूड कोर्टात नान आणि करी बघून आपल्या लोकांचे डोळे चमकतात, पण रस्सा मांसाचा नाही ना, हे विचारल्याशिवाय ताट घेऊ नका. ‘बेजिटेरियन’ म्हटल्यावर कधी कधी फक्त वरचे तुकडे काढून देतात. त्यापेक्षा ‘निकु, साकाना, तामागो, दाशी नाशी’ (मांस, मासे, अंडं, दाशी नको) असं कागदावर जपानीत लिहून दाखवा. भरवशाचं म्हणजे फ्राइज आणि पॉपकॉर्न, तेही घटक विचारून.

घरचे डबे आत न्यायला परवानगी नाही. पण दाराबाहेर बसून खायची जागा केलेली आहे आणि त्याच दिवशी बाहेर जाऊन परत येता येतं. टोकियोतल्या निशिकासाईला भारतीय वस्ती मोठी आहे, किराणा आणि जेवण दोन्ही मिळतं. आदल्या दिवशी पराठे घेऊन ठेवलेत की दुपार निभते. फक्त फँटसी स्प्रिंग्जपासून दारापर्यंत चालत येऊन परत जायचं म्हणजे बराच वेळ जातो, म्हणून प्रीमियर ॲक्सेसची वेळ जेवणाच्या डोक्यावर आणू नका.

पर्वतीकर
खूप आभार, बराच बेत बदलला. १३ किंवा १४ तारीख धरतोय. उतरणार टोकियो स्टेशनजवळ.

कासाईची_बस
१३ आणि १४ दोन्ही टाळा. १३ नोव्हेंबर इबाराकी प्रांताचा दिवस, १४ सायतामाचा. शाळांना सुट्टी असते आणि दोन्हीकडची मुलं थेट इथे. राष्ट्रीय सुट्ट्यांच्या यादीत हे दिवस दिसत नाहीत, म्हणून बाहेरचे हमखास फसतात. ११ किंवा १२ बघा, त्यातही शनिवार-रविवार नको.

टोकियो स्टेशनात डिस्नीकडे जाणाऱ्या केइयो लाइनचा फलाट बाकी फलाटांपासून दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर आहे, आईंसोबत वीस धरा. पुढे पार्कजवळच्या माइहामा स्टेशनला पंधरा मिनिटं. तिथून मोनोरेल एकाच दिशेने फिरते आणि डिस्नीसी शेवटचं स्टेशन येतं. परतताना मात्र माइहामाचं स्टेशन लगेच पुढचंच. पार्क ९ ला उघडतं असं छापलेलं असलं तरी दारं बऱ्याचदा आधी उघडतात, शिवाय डिस्नीच्या हॉटेलांतले लोक पंधरा मिनिटं आधी आत असतात. सव्वाआठला रांगेत असाल तर फ्रोझनचा स्लॉट मिळायची आशा धरा.

मऊ_भात
आणि मुलीची उंची जायच्या आदल्या दिवशी एकदा मोजा. या वयात दोन सेंटिमीटर म्हणजे काही नाही.