मदत हवी आहे: बुरशी लागलेल्या हस्तलिखितांना गॅमा किरण द्यावेत का?

नमस्कार मंडळी,

आमच्या संग्रहातली जुनी हस्तलिखितं छत गळून भिजली. वाळवली, पण कडांना काळपट-हिरवी बुरशी धरलीय आणि काही पोथ्यांची कसरीने चाळण केलीय. निर्जंतुकीकरण करून देणारे एक जण म्हणतात, खोकी न उघडता कोबाल्ट-६० (गॅमा किरण सोडणारा किरणोत्सर्गी धातू) च्या किरणांखालून काढू, मात्रा ८ किलोग्रे (शोषलेल्या किरणांचं माप), एकदाच. पुरावा म्हणून इजिप्तचा प्राचीन राजा रामसेस दुसरा याच्या ममीचं उदाहरण देतात. तिला १९७७ मध्ये फ्रान्समध्ये, पॅरिसजवळच्या साक्ले इथे गॅमा किरण दिले होते. पण ममीची पानं कोणी उलटत नाही!

कागद किरणोत्सर्गी होत नाही हे ठाऊक आहे, कृपया धागा तिकडे नेऊ नका. माझी धास्ती सेल्युलोजची, म्हणजे कागद ज्या तंतूंचा बनतो त्यांची आहे. पान आज धडधाकट दिसेल, पण पुढे घडीवर तुटेल का? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १
धास्ती रास्त आहे. किरणांनी सेल्युलोजच्या साखळ्या तुटतात, आणि ते आधी घडी सोसण्याच्या ताकदीत दिसतं. ताणून पाहिलं तर कागद ठीकच वाटतो. किड्यांना एक-दोन किलोग्रे पुरतात, बुरशीला बरेच जास्त लागतात, म्हणून नुसत्या कसरीसाठी ८ कशाला? अमेरिकेत २००१ मध्ये पत्रांतून अँथ्रॅक्सचे जिवाणू पाठवले गेले, त्यानंतर टपालावर याहून कितीतरी जास्त मारा केला, तेव्हा कागद पिवळे आणि ठिसूळ झाले होते.

त्यांना एक नक्की विचारा: ८ ही किमान मात्रा की कमाल? खोक्याच्या मध्यापर्यंत ८ पोचवायचे तर बाहेरच्या पोथ्यांना जास्त बसतात. शिवाय नुकसान साठत जातं. पूर्वी कधी किरण दिले असतील तर त्यात ही भर. नोंद ठेवाच. संग्रहातले फोटो मात्र किरणांखाली घालू नका.

प्रतिसाद २
किरणांचं संरक्षण मागे उरत नाही. खोली दमटच राहिली तर बुरशी पुन्हा येणार. मेलेली बुरशीही कागदावरच राहते, तिची ॲलर्जी होते, डागही जात नाहीत. मास्क लावून मऊ ब्रश आणि व्हॅक्यूमने साफसफाई करावीच लागेल.

धागाकर्ता
आभार. कसरीच्या पोथ्या वेगळ्या काढून फ्रीझरमध्ये टाकतो. बुरशी खूप पसरलेल्यांपुरतेच किरण, तेही कमाल मात्रा लेखी मिळाली तर. लोहयुक्त शाईच्या पानांवर कुणी हे करून पाहिलंय का? तिथे कागद आधीच शाईने खाल्लाय.