सर्व्हर डोमेनला ‘जोडायचा’ की डोमेनमध्ये ‘दाखल’ करायचा?

प्रश्न
नव्या मुलांसाठी विंडोज सर्व्हर कोअरची (डेस्कटॉप नसलेल्या विंडोज सर्व्हरची) टिपणं मराठीत लिहितोय. ‘डोमेन जॉइन’ला, म्हणजे एकाच ठिकाणाहून खाती सांभाळल्या जाणाऱ्या यंत्रांच्या गटात सर्व्हर घेण्याला, ‘डोमेनला जोडणे’ असं लिहिलं होतं. काल एकाने केबल लावली, पिंगला (समोरचं यंत्र नेटवर्कवर पोचतंय का, या चाचणीला) उत्तर आलं आणि ‘सर, जोडला’ म्हणाला. डोमेनच्या खात्याने लॉगिन मात्र होईना. शब्द चुकला का? आणि ‘हेडलेस’ला काय म्हणावं? ‘बिनडोक’चा अर्थ भलताच होतो.

प्रतिसाद 1
शब्दच चुकला. जोडणं हे तारेचं काम. डोमेनमध्ये येताना अॅक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे डोमेनच्या खात्यांच्या नोंदवहीत, त्या यंत्राच्या नावाने खातं असावं लागतं, आणि यंत्र व डोमेन यांच्यात एक गुप्त पासवर्ड ठरतो. यंत्र तो एरवी दर 30 दिवसांनी आपला आपण बदलतं. मूल वर्गात येऊन बसलं म्हणून जनरल रजिस्टरला त्याचं नाव चढत नाही. म्हणून ‘दाखल करणे’.

प्रतिसाद 2
मला ‘रुजू होणे’ जवळचं वाटतं. सर्व्हर 2008 आर2 पासून ‘डीजॉइन’ ही आज्ञा आहे. तिने खातं आधीच उघडून एक फाइल तयार करता येते. सर्व्हर ती नंतर घेतो, तेव्हा डोमेन कंट्रोलरशी, म्हणजे ही खाती सांभाळणाऱ्या सर्व्हरशी, बोलणंही लागत नाही. नेमणुकीचा आदेश आधी निघतो, माणूस मागाहून रुजू होतो, अगदी तसंच.

प्रतिसाद 1
हे पटलं. मग दोन्ही शब्द ठेवावेत: आपण दाखल करतो, सर्व्हर रुजू होतो.
‘हेडलेस’बद्दल थोडं थांबा. हेडलेस म्हणजे मॉनिटर-कीबोर्ड नसलेला, तो ‘बिनपडद्याचा’. कोअरला मॉनिटर लावता येतो, फक्त डेस्कटॉप नसतो. काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करायच्या. तो ‘बिनडेस्कटॉपचा’. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका. कोणी ‘कबंध’ (शिर नसलेलं धड) सुचवेल. सुंदर शब्द आहे, पण टिपणात वाचणारा अडखळेल.

प्रश्नकर्ता
आभार. वाक्य असं बदललं: ‘सर्व्हरला डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा) म्हणून डोमेन कंट्रोलरचा पत्ता द्या. घड्याळ जुळवा, 5 मिनिटांहून जास्त फरक असला तर कर्बरॉस (डोमेनची ओळख तपासण्याची पद्धत) ओळख मान्य करत नाही. मग एसकॉन्फिगमध्ये (सर्व्हर कोअरच्या सेटिंगच्या मेनूत) पर्याय 1 निवडून सर्व्हर डोमेनमध्ये दाखल करा. रीस्टार्टनंतर तो रुजू होईल.’ ‘जोडणे’ आता केबलपुरतंच ठेवलंय.