पीएच.डी.साठी काय निवडावे : पेशीत जनुक पोहोचवण्याचे संशोधन की कर्करोगावरील औषधे?

घोडबंदरची विद्यार्थिनी :

नमस्कार. मी ठाण्यात घोडबंदर रस्त्याला राहते. यंदा रेणवीय जीवशास्त्रात एम.एस्सी. पूर्ण केली आणि नेट परीक्षेतून मला जेआरएफ ही संशोधनाची पाठ्यवृत्तीही मिळाली आहे. पीएच.डी.साठी दोन मार्गदर्शकांशी बोलणे झाले. त्यांपैकी एका प्रयोगशाळेत जनुके पेशीच्या आत नेणारे मेदाचे सूक्ष्म कण तयार करतात. दुसरीत स्तनांच्या कर्करोगाच्या पेशी काही काळाने औषधाला दाद का देईनाशा होतात, याचा शोध चालू आहे.

माझ्या मावशीची केमोथेरपी चालू होती तेव्हा तिला लाल रंगाचे औषध देत असत आणि अधूनमधून तिच्या हृदयाचा इको काढत असत. रोग स्तनाचा असताना तपासणी हृदयाची का, हा प्रश्न मला तेव्हा पडला आणि त्याच प्रश्नामुळे मी या विषयाकडे वळले. त्यामुळे माझा कल कर्करोगाच्या औषधांकडे आहे, परंतु जनुकवाहक कणांचे काम अधिक नवे वाटते. वडिलांचे म्हणणे असे की, जनुकोपचार येणार म्हणून ते माझ्या जन्माच्या आधीपासून ऐकत आहेत. त्यावर आयुष्यातली सहा वर्षे लावावीत का? या दोन क्षेत्रांत प्रत्यक्ष काम केलेल्यांनी आपला अनुभव सांगितला तर फार मदत होईल.

खारघरची निवृत्त संशोधिका :

तुमच्या मावशींना दिले जाणारे लाल औषध बहुधा डॉक्सोरुबिसिन असावे. मी उत्तराची सुरुवात तेथूनच करते, कारण तुम्ही ज्यांना दोन क्षेत्रे म्हणता ती माझ्या तीस वर्षांच्या कामात एकमेकांपासून कधी वेगळी राहिलीच नाहीत.

मी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जनुके पेशीत नेण्याच्या विषयावर पीएच.डी. सुरू केली. डीएनएवर ऋण विद्युतभार असतो आणि पेशीच्या पटलाचा बाहेरचा पृष्ठभागही ऋणभारितच असतो, त्यामुळे नुसते डीएनए पेशीवर ओतले तर ते आत जात नाही. १९८७ मध्ये फिलिप फेल्गनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धनभारित मेदरेणू वापरून ही अडचण ओलांडली. धनभारित मेद डीएनएला कवटाळतो, तो गोळा पेशीच्या पृष्ठभागाला चिकटतो आणि पेशी त्याला पिशवीत घालून आत ओढून घेते. काचपात्रातील पेशींवर हा प्रयोग मी प्रथम केला आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली आत गेलेल्या जनुकामुळे पेशी हिरव्या चमकताना पाहिल्या, तेव्हा मला वाटले की अर्धे काम झाले.

प्रत्यक्षात ते काम रक्तद्रव नसलेल्या माध्यमात झाले होते. माध्यमात दहा टक्के रक्तद्रव मिसळताच चमक जवळजवळ नाहीशी झाली, कारण रक्तातील ऋणभारित प्रथिने त्या धनभारित कणांवर चढून बसतात. उंदराच्या शिरेत तेच कण सोडले तेव्हा ते कर्करोगाच्या गाठीपर्यंत गेलेच नाहीत, बहुतांशी फुप्फुसांत अडकले. हे मी आधी तपासायला हवे होते; पण पात्रातील आकडे इतके देखणे होते की मी पावणेदोन वर्षे तेच सुधारत बसले. त्या काळाची खंत मला आजही आहे, आणि म्हणूनच ती येथे लिहून ठेवते.

कण पेशीत शिरल्यावरही प्रश्न संपत नाही. ज्या पिशवीतून तो आत जातो तिला एंडोसोम म्हणतात. तिच्यातील आम्लता वाढत जाते आणि पुढे पाचक विकरांनी भरलेल्या कोशात ती रिकामी होते. कणाला त्याआधी पिशवी फोडून बाहेर पडावे लागते, मग डीएनएला केंद्रकाचे पटल ओलांडावे लागते आणि विभाजन न होणाऱ्या पेशींत ते पटल उघडतच नाही. पेशीला चिकटलेल्या मालापैकी फारच थोडा केंद्रकापर्यंत पोहोचतो. या एका टप्प्यावर जगभरातील माणसांनी किती वर्षे घालवली! अखेर जो मार्ग सापडला तो असा की मेदरेणूवरचा धनभार कायमचा ठेवायचाच नाही. रक्तात तो जवळजवळ निर्भार असावा आणि एंडोसोमच्या आम्लात गेल्यावरच त्याच्यावर भार यावा. असे कण रक्तातील प्रथिनांच्या तडाख्यातून वाचतात आणि नेमक्या जागी पिशवी फोडतात. जनुकाला गप्प करणाऱ्या आखूड आरएनएचे (एसआयआरएनए) पहिले औषध याच कणांतून २०१८ मध्ये मान्य झाले आणि दोन वर्षांनी कोविडच्या एमआरएनए लशीही याच मार्गाने आल्या. तुमच्या वडिलांनी वर्षानुवर्षे जी प्रतीक्षा पाहिली तिच्यात हे काम चालू होते, असे त्यांना सांगा.

आता लाल औषधाकडे येते. डॉक्सोरुबिसिन कर्करोगाच्या पेशी मारते, परंतु ते हृदयाच्या स्नायूंतही जाते आणि तेथील हानी साठत जाते. म्हणून शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रति चौरस मीटरमागे आयुष्यभरात सुमारे ४५० ते ५५० मिलिग्रॅमपलीकडे ते सहसा देत नाहीत, आणि म्हणूनच इको काढतात. तेच औषध पॉलिइथिलीन ग्लायकॉलचे आवरण असलेल्या लिपोसोममध्ये, म्हणजे मेदाच्या सूक्ष्म पिशवीत, भरून देण्यास अमेरिकेत १९९५ मध्ये मान्यता मिळाली. औषधाचा रेणू एका अणूनेही बदलला नव्हता, तरी हृदयावरचा ताण कमी झाला. मात्र तळहात आणि तळपाय लाल होऊन सोलवटण्याचा त्रास वाढला, कारण आता औषध तेथे अधिक पोहोचू लागले होते. रुग्णालयात जाऊन मी हे स्वतः पाहिले, तेव्हा जनुकाचा आणि औषधाचा प्रश्न एकच आहे हे मला उमगले : किती माल, कोणत्या पेशीत, कोणत्या कप्प्यापर्यंत गेला. त्यानंतर मी माझी प्रयोगशाळा औषधांकडे वळवली आणि औषध पेशीतून परत बाहेर फेकणाऱ्या पंपांवर, विशेषतः पी-ग्लायकोप्रोटीनवर, पुढची बारा वर्षे काम केले. तुमच्या दुसऱ्या मार्गदर्शकांचा विषय याच्या अगदी शेजारचा आहे. हा पंप १९७६ मध्ये वर्णिला गेला. त्याला अडवणारी औषधे पात्रात उत्तम चालली आणि रुग्णांमध्ये अपेक्षा पूर्ण करू शकली नाहीत, कारण हाच पंप आतड्यात, यकृतात आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांतही शरीराचे रक्षण करीत असतो.

या क्षेत्रातल्या दोन घटना तुम्ही पहिल्याच वर्षी मुळातून वाचाव्यात, असा माझा आग्रह आहे. १९९९ मध्ये फिलाडेल्फियात जेसी गेलसिंगर हा अठरा वर्षांचा मुलगा अ‍ॅडेनोव्हायरस या विषाणूला वाहक करून जनुक दिल्यानंतर चौथ्या दिवशी प्रतिकारशक्तीच्या तीव्र प्रतिक्रियेने गेला. त्याचा यकृताचा आजार आहार आणि औषधांनी आटोक्यात होता. तो स्वेच्छेने चाचणीत आला होता. दुसरी घटना पॅरिसची. जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेल्या बालकांना रेट्रोव्हायरस या दुसऱ्या वाहक विषाणूतून जनुक दिले, ती बरी झाली, आणि काही वर्षांत त्यांच्यातील काहींना रक्ताचा कर्करोग झाला, कारण वाहक एलएमओ२ या कर्करोगाला चालना देऊ शकणाऱ्या जनुकाच्या शेजारी जाऊन बसला होता आणि त्याने ते चालू केले होते. जनुकोपचार करताना कर्करोग निर्माण होऊ शकतो, हे त्या मुलांमुळे कळले. आजच्या वाहकांत आजूबाजूची जनुके चालू करणारा भाग काढून टाकलेला असतो, तो याच धड्यामुळे.

येथल्या मातीतही या कामाची मुळे आहेत. पेशी शरीराबाहेर वाढवण्याचे तंत्र आपल्याकडे रुजवणाऱ्या डॉ. कमल रणदिवे यांनी साठच्या दशकात मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. तीच संस्था पुढे परळहून खारघरला आली आणि आज ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्राचा भाग आहे. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्याही त्या संस्थापकांपैकी होत्या. संघटनेचे केंद्र वाशीला आहे आणि तेथील वसतिगृहाचा व पाळणाघराचा आमच्या पिढीतील अनेकींना आधार झाला.

रबाळेचा उत्पादन-तंत्रज्ञ :

वरचा प्रतिसाद वाचल्यावर सैद्धांतिक बाजूत भर घालण्यासारखे माझ्याकडे काही नाही. नोकरीच्या बाजूने मात्र थोडे सांगतो, कारण तो प्रश्न वडिलांच्या मनात असणारच.

मी पीएच.डी. केलेली नाही. एम.एस्सी.नंतर प्रथम लसनिर्मितीत आणि आता पेशी-उपचारांच्या उत्पादनात आहे. सीएआर-टी उपचारात रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) वेगळ्या काढतात, लेन्टिव्हायरस या विषाणूच्या वाहकातून त्यांच्यात नवे जनुक घालतात, त्यांची संख्या वाढवतात आणि त्या त्याच रुग्णाला परत देतात. जनुक पोहोचवणे आणि कर्करोगाचे औषध हे दोन्ही येथे एकाच पिशवीत असते. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून घडलेल्या अशा उपचाराचा देशातील पहिला रुग्ण जून २०२१ मध्ये खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये दाखल होता. त्या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते तो रुग्णांसाठी खुला झाला. त्यामुळे हे काम शिकण्यासाठी परदेशीच जावे लागते, अशी स्थिती आता नाही.

कारखान्यातल्या कामाचे स्वरूप प्रयोगशाळेपेक्षा फार वेगळे असते. गोळ्यांच्या एका बॅचमधून लाखो गोळ्या निघतात. आमच्याकडे एक रुग्ण म्हणजे एक बॅच. ती बिघडली तर दुसरी नसते, कारण अनेकदा रुग्णाकडे पुन्हा पेशी देण्याइतका वेळ नसतो. निर्जंतुकतेच्या पारंपरिक चाचणीला चौदा दिवस लागतात, म्हणून जलद पद्धती वापराव्या लागतात. प्रत्येक पेशीत वाहकाच्या सरासरी किती प्रती बसल्या हेही मोजावे लागते, आणि त्यामागचे कारण वर सांगितलेली पॅरिसची घटना हेच आहे. फ्लो सायटोमेट्री (पेशी एकेक करून तपासण्याचे व मोजण्याचे तंत्र), निर्जंतुक हाताळणी आणि जे केले ते त्याच क्षणी लिहून ठेवण्याची सवय या तीन गोष्टी कोणत्याही प्रयोगशाळेत शिकून घ्या. मुलाखतीला येणाऱ्यांपैकी पुष्कळांना जनुक-संपादनावर तासभर बोलता येते, पण खाडाखोड न करता नोंदवही लिहिता येत नाही.

नेरूळचा शोधविद्यार्थी :

मी पीएच.डी.च्या चौथ्या वर्षाला आहे. पैशांविषयी स्पष्ट सांगतो. जानेवारी २०२३ पासून जेआरएफला महिना ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनंतर एसआरएफला, म्हणजे पुढच्या टप्प्याच्या पाठ्यवृत्तीला, ४२,००० रुपये अधिक घरभाडे भत्ता, असे दर आहेत. पाठ्यवृत्ती एकूण पाच वर्षांची असते, तर उंदरांवरचे प्रयोग असलेला प्रबंध बहुतेकांचा पाच वर्षांत होत नाही. म्हणून शेवटच्या वर्षाची सोय काय, हे मार्गदर्शकांना आधीच विचारावे. मी ते विचारले नव्हते. ठाण्याहून रोज ये-जा करणार असाल तर ट्रान्सहार्बर लोकलच्या शेवटच्या गाडीची वेळ पाहून ठेवा, कारण पेशींना चोवीस, अठ्ठेचाळीस, बहात्तर तासांनी पाहावेच लागते आणि त्या वेळा आपल्या सोयीने येत नाहीत.

घोडबंदरची विद्यार्थिनी :

आपणा सर्वांचे मनापासून आभार. वडिलांना पहिला प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. मावशीच्या इकोचा उलगडा झाल्यावर ते बराच वेळ गप्प होते आणि मग त्यांनी तो मावशीला पाठवायला सांगितला. ताई, एक शंका राहते. दोन्ही विषय मुळात एकच असतील तर दोन प्रयोगशाळांमधून निवड कशाच्या आधारे करावी?

खारघरची निवृत्त संशोधिका :

दोन्ही ठिकाणी एक दिवस जाऊन बसा आणि तेथील तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना त्यांचे न छापलेले निकाल दाखवण्याची विनंती करा. मेदकणांच्या प्रयोगशाळेत विचारा की रक्तद्रव घातल्यावर आकडे किती उतरतात, आणि कण गाठीत किती व यकृतात किती गेले हे ते स्वतः मोजतात का. औषधांच्या प्रयोगशाळेत विचारा की पेशी औषधाला जुमानत नाही असे म्हणताना पेशीच्या आत औषध किती शिरले हे ते मोजतात, की केवळ किती पेशी मेल्या एवढेच. डॉक्सोरुबिसिन स्वतःच चमकते, त्यामुळे ही मोजणी अवघड नाही. तरीही ती टाळली जात असेल तर कारण विचारा. जेथे हे मोजले जाते आणि वाईट आकडा तुमच्यासमोर निःसंकोच ठेवला जातो, तेथे प्रवेश घ्या. विषयाच्या नावाचा मग फार विचार करू नका. आणि मावशींचा पुढचा इको कसा आला ते जरूर कळवा.