व्यापारी सवलतींना मानवी हक्कांची अट घालावी का?

दर्यावर्दी (धागाकर्ता)

माझ्या मते घालावी. आयातशुल्कातील माफी हा कोणत्याही देशाचा हक्क नसून ती एक सवलत आहे, आणि देणाऱ्याने तिला अट जोडली तर घेणाऱ्याला सवलत नाकारण्याची मुभा असतेच. त्यामुळे सार्वभौमत्वावर घाला आल्याची ओरड मला पटत नाही. युरोपीय संघाची ‘जीएसपी प्लस’ योजना याच तत्त्वावर चालते. मानवी हक्क, कामगार हक्क, पर्यावरण आणि सुशासन यांविषयीचे २७ आंतरराष्ट्रीय करार स्वीकारून ते अमलात आणणाऱ्या विकसनशील देशांच्या बऱ्याचशा मालाला युरोपात शून्य शुल्क लागते. श्रीलंकेने छळविरोधी करारासह तीन करारांचे पालन नीट केले नाही, म्हणून ऑगस्ट २०१० मध्ये तिची ही सवलत काढून घेण्यात आली, आणि पुढे सत्तापालट होऊन सुधारणांना आरंभ झाल्यावर मे २०१७ मध्ये ती परत देण्यात आली. दडपशाहीची किंमत मोजावी लागते, हे सरकारांना कळण्याचा याहून सौम्य मार्ग मला तरी दिसत नाही.

कापूसकोंड्या

श्रीलंकेतील सत्तापालट युरोपातील शुल्कामुळे झाला, असे आपण सुचवत असाल तर ते फारच धाडसाचे विधान आहे.

मुळात ही किंमत मोजतो कोण? कंबोडियाचे उदाहरण घ्या. तेथील प्रमुख विरोधी पक्ष नोव्हेंबर २०१७ मध्ये न्यायालयामार्फत बरखास्त करण्यात आला, आणि त्यानंतरच्या चौकशीअंती युरोपीय संघाने १२ ऑगस्ट २०२० पासून त्या देशाच्या युरोपातील निर्यातीपैकी सुमारे एक पंचमांश मालावरील माफी रद्द केली. तयार कपड्यांवर युरोपाचे नेहमीचे शुल्क साधारण १२ टक्के आहे. ते भरतो युरोपातील आयातदार, पण तो पुढच्या मागणीच्या वेळी तेवढाच भाव पाडून मागतो, किंवा मागणीच दुसऱ्या देशाकडे वळवतो. भाव पडला की कारखानदार आधी जादा कामाचे तास तोडतो आणि मग माणसे कमी करतो. शिवणयंत्रावर बसणाऱ्या बाईने तर कोणताही पक्ष बरखास्त केलेला नव्हता. आणि ज्यांनी केला, त्यांनी २०२३ च्या निवडणुकीतही मुख्य प्रतिस्पर्धी पक्षाला मैदानात उतरू दिले नाही, आणि निवडणुकीनंतर पंतप्रधानपद वडिलांकडून मुलाकडे गेले.

कंबोडियाची माफी रद्द होण्याच्या अवघे अकरा दिवस आधी, १ ऑगस्ट २०२० रोजी, युरोपीय संघाचा व्हिएतनामशी मुक्त व्यापार करार अमलात आला होता. व्हिएतनाममध्ये तर एकाच पक्षाला कायदेशीर मान्यता आहे! तत्त्व एकच असेल, तर दोन शेजाऱ्यांना दोन न्याय कसे?

त्रयस्थ

दोघांच्याही प्रतिसादांत एक प्रश्न निसटतो आहे: निवाडा कोण करणार? युरोपीय संघाने अंमली पदार्थांविरुद्ध लढणाऱ्या काही निवडक देशांना, त्यांत पाकिस्तानलाही, खास शुल्कमाफी दिली होती. भारताने त्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली आणि २००४ मध्ये अपिलाचा निकाल लागला. विकसनशील देशांमध्ये फरक करता येईल, पण निकष वस्तुनिष्ठ हवेत आणि सारखी गरज असलेल्या सर्वांना ते खुले हवेत, असा त्याचा आशय होता. आजची ‘जीएसपी प्लस’ त्या निकालातूनच घडली. म्हणजे अट घालणे निषिद्ध नाही, मनमानी निषिद्ध आहे.

बलाढ्य देशापुढे मात्र सगळेच निकष वितळतात. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष क्लिंटन यांनी १९९३ मध्ये चीनचा ‘सर्वाधिक अनुकूल राष्ट्र’ हा दर्जा, म्हणजे इतर देशांइतकेच कमी शुल्क लागण्याची सोय, मानवी हक्कांशी जोडला आणि मे १९९४ मध्ये स्वतःच तो धागा तोडला.

दर्यावर्दी

दोन न्याय होतात हे मान्य, पण त्यावरचा उपाय एकही न्याय न करणे हा नव्हे. व्हिएतनामने त्या कराराच्या तोंडावर, २०१९ मध्ये, सामूहिक वाटाघाटींविषयीचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार स्वीकारला आणि २०२० मध्ये सक्तीच्या मजुरीविषयीचाही. एरवी त्याने ते केले असते, असे मानायला मला आधार दिसत नाही. बांगलादेशातही २०१३ मध्ये राणा प्लाझा कोसळून अकराशेहून अधिक माणसे दगावल्यावर अमेरिकेने जूनमध्ये सवलत स्थगित केली, आणि जुलैमध्ये तेथील कामगार कायद्यात दुरुस्ती झाली.

कापूसकोंड्या

बांगलादेशचे उदाहरण आपण अर्धेच सांगितलेत. अमेरिकेच्या त्या योजनेत तयार कपडे जवळजवळ नव्हतेच. ज्या उद्योगात माणसे मेली त्याला स्थगितीची झळ फारशी लागली नाही. तिचा भार इतर किरकोळ मालाच्या निर्यातदारांवर पडला. कायदा बदलला तो दुर्घटनेनंतर जगभर उठलेल्या संतापामुळे आणि युरोपातील मोठ्या खरेदीदारांच्या दडपणामुळे, असे मी म्हणेन.

व्हिएतनामने करार स्वीकारले हे खरे. पण तो व्यापार करार पुढे ढकलावा, अशी विनंती युरोपीय संसदेला करणाऱ्या तेथील स्वतंत्र पत्रकार संघटनेच्या अध्यक्षांना नोव्हेंबर २०१९ मध्ये अटक झाली. फेब्रुवारी २०२० मध्ये त्या संसदेने कराराला मंजुरी दिली, तेव्हा ते कोठडीतच होते, आणि जानेवारी २०२१ मध्ये त्यांना १५ वर्षांची शिक्षा झाली. या प्रकरणात आपली अट नेमकी कोठे लागू झाली, हे धागाकर्त्यांनी सांगावे.